बाबा गेल्यावर आईने बंड्याला सांभाळलं की बंड्याने आईला?

ओसरी
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

बाबा जाऊन साडेचार महिने झाले. बंड्या हा त्यांचा कुत्रा, वय ७. आणला होता सगळ्यांसाठी पण झाला त्यांचा. आईचं आणि त्याचं कधी पटलंच नाही. केस गळतात, ओले पाय घेऊन घरभर फिरतो ही तिची रोजची कुरकुर, आणि तोही तिच्या वाटेला जायचा नाही. बाबा गेले तेव्हा सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं होतं, बंड्या कुठे आहे, काय करतोय, कुणाला शुद्ध नव्हती. मग पांगले सगळे. एक दिवस पहाटे पाणी प्यायला उठले तर आई हॉलमध्ये फरशीवर बसलेली, पाठ भिंतीला, बंड्याचं डोकं तिच्या मांडीवर, ती त्याच्या कानामागे खाजवतेय आणि हळू आवाजात काहीतरी सांगतेय. आमच्याशी तोवर 'हो', 'नको', 'झोप जा तू' एवढंच बोलत होती. मी पाणी न पिताच परत फिरले.

आता रोज सकाळी सहाला त्याला फिरवायला तीच नेते. सात वर्षांत जिने त्याच्या पट्ट्याला हात लावला नव्हता ती.

तर प्रश्न दोन. एक, हा जो प्राण्यांचा आधार म्हणतात तो खरंच असतो की आपण आपल्या सोयीने तसा अर्थ लावतो? आणि दोन, ओळखीतल्या एक बाई आपली कुत्री घेऊन वृद्धाश्रमात, हॉस्पिटलात भेटी देतात, थेरपी डॉग म्हणून. बंड्याला बघून म्हणाल्या, किती शांत आहे हा, ह्यालाही आणा की, आईचाही वेळ जाईल. न्यावं का? कुणाला अनुभव?

मनीमाऊ७
बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं.

पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: असतो, पण सिनेमात दाखवतात तसा नसतो. माझा भाऊ अचानक गेला तेव्हा माझ्या मांजरीने विशेष असं काहीही केलं नाही. कुशीत शिरली नाही की काही नाही. तिने फक्त रोज पहाटे साडेपाचला माझ्या छातीवर उभं राहून, चारही पाय एकाच बरगडीवर, खायला मागितलं. पहिला आठवडा मी तिला शिव्या घातल्या. पण उठावं तर लागायचं. उठलं की डबा उघडा, वाटी धुवा, तिची माती बदला, एवढं होईतो उजाडलेलं असायचं. माझी दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तीच होती, पहाटेची, आणि ती तिने अशी खाऊन टाकली. "आता कसं वाटतंय तुला" हे तिने एकदाही विचारलं नाही, हे तर उपकारच.

खवचट_म्हातारा
चारही पाय एकाच बरगडीवर!! हे मांजरांना कुठेतरी शिकवत असणार.

शेवटचा_बाक
जरा विरोधी सूर लावतो, राग नसावा. घरातला एक माणूस दिसत नाही, रोजचं वेळापत्रक बिघडलंय आणि उरलेल्यांपैकी एक बाई रात्रभर जागी असते, एवढं कुत्र्याला कळतं. तो ऊब आणि हात शोधत तिच्याकडे गेला. त्याला 'आईचं दुःख कळलं' हे आपण वरून चिकटवलेलं. आईंना बरं वाटतंय ह्यात वाद नाही, फक्त कुत्र्याला संतपद देऊ नका. आणि झोप, जेवणखाण अजून बिघडलेलंच असेल तर समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा, बंड्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

ओसरी
@शेवटचा_बाक, राग कसला. झोप आता सुधारलीय, डॉक्टरांकडेही जाऊन आलोय. आणि ऊब शोधत आला असेल हे पटतंय, कारण त्याचं स्वतःचंही धड नाहीये. संध्याकाळी सात वाजले की दाराशी जाऊन बसतो. बाबांची काठी अजून तिथेच कोपऱ्यात उभी आहे, आई हलवू देत नाही. अर्धा-पाऊण तास बसतो आणि मग आपला आपणच उठून येतो.

गोगलगाय
अरेरे बंड्या :(

कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांचंही ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं असा जपानी शास्त्रज्ञांचा अभ्यास आहे, २०१५ चा. माणसाळवलेल्या लांडग्यांबरोबर तसं झालं नाही. मी हे माझ्या कासवावर करून पाहिलं. ब्रेकअपनंतर अत्यंत खचलेल्या अवस्थेत त्याच्या डोळ्यांत बघितलं. ते कवचात गेलं. दोन दिवस आलं नाही बाहेर.

खवचट_म्हातारा
शहाणं कासव.

पाऊलवाट
मी सहा वर्षं अशा भेटी देतेय, सध्याची ही दुसरी कुत्री. दुसऱ्या प्रश्नावर लिहिते, जरा लांबेल.

आधी नावांचा घोळ. सर्व्हिस डॉग म्हणजे एकाच माणसासाठी ठरावीक काम शिकवलेला, अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा वगैरे. थेरपी डॉग म्हणजे आपल्या माणसासोबत परक्या माणसांना भेटायला जाणारा घरचाच कुत्रा. घरी नुसतं जवळ बसून धीर देणं, जे बंड्या करतोय, ते तिसरंच, त्याला शिक्षण लागत नाही. 'शांत आहे' एवढ्यावर कुणी कुत्रा वॉर्डात नेत नाही, नेऊही नये. परीक्षा असते. अनोळखी माणूस वेडावाकडा कुरवाळतो, मागे धाडकन काहीतरी पडतं, व्हीलचेअर, वॉकर, काठीवाले अगदी जवळून जातात, खाली पडलेलं खाणं सोडून पुढे जायचं असतं. आम्ही जे नियम पाळतो ते पेट पार्टनर्स ह्या १९७७ पासूनच्या अमेरिकन संस्थेच्या धर्तीवरचे. कुत्रा किमान १ वर्षाचा हवा, दिवसाला २ तासांच्या वर भेटी नाहीत, कच्चं मांस खाणारा प्राणी चालत नाही कारण त्यातले जंतू आजारी माणसापर्यंत पोचू शकतात.

भेटीत प्रत्यक्ष काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही. कुत्री कुणाच्या तरी पायाशी बसते, लोक हात फिरवतात, आपल्या लहानपणीच्या कुत्र्याचं नाव सांगतात. पण एक आजोबा लक्षात आहेत. स्ट्रोकनंतर उजवा हात उचलायला तयारच नव्हते, फिजिओवाली मुलगी टेकीला आलेली. तिने त्यांच्या हातात कुत्र्याचा ब्रश दिला आणि माझी कुत्री शेजारी उभी केली. पहिला फटका पाठीवर पोचलाच नाही, हवेतच फिरला. मग एक लागला. मग सात झाले, ती मुलगी तोंडातल्या तोंडात मोजत होती. आजोबा आमच्या दोघींशी एक अक्षर बोलले नाहीत. कुत्रीला म्हणाले, "इथे गुंता झालाय गं."

आता बंड्याचं. साडेचार महिने फार लवकर आहे. त्याला आणि आईंना, दोघांनाही. 'आईचाही वेळ जाईल' म्हणणाऱ्या बाईंना एक विचारा, मागच्या खेपेला ज्यांच्याशी गप्पा मारल्या त्यांची खाट पुढच्या खेपेला रिकामी दिसते तेव्हा काय करायचं? मलाही अजून जमत नाही ते.

आणि कुत्रा दमतो हो. जांभया देतो, ओठ चाटतो, मान वळवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो. लोक म्हणतात बघा काय गोड जांभई. तो बिचारा म्हणत असतो, चला आता घरी.

मनीमाऊ७
"इथे गुंता झालाय गं" वाचून डोळे भरले आणि मी ऑफिसात बसलेय, काय हे.

कोरा_कागद
पाऊलवाट, सुरेख प्रतिसाद. मी समुपदेशन क्षेत्रात आहे म्हणून थोडी मागची गोष्ट सांगतो, म्हणजे हे आजकालचं खूळ आहे असं कुणाला वाटायला नको.

इंग्लंडात यॉर्कला १७९६ साली 'रिट्रीट' नावाची मनोरुग्णांसाठीची संस्था सुरू झाली, विल्यम ट्यूक नावाच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) व्यापाऱ्याने काढलेली. रुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवायचे तो काळ. तिथल्या अंगणांत ससे, कोंबड्या, ससाणे ठेवलेले असायचे, रुग्णांनी त्यांच्यात रमावं म्हणून. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही लिहून ठेवलंय की आजारी माणसाला, विशेषतः दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्याला, छोट्या पाळीव प्राण्याची सोबत फार चांगली. बाईंनी स्वतः घुबड पाळलं होतं, अथीना नावाचं. मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडची जोफी नावाची चाऊ जातीची कुत्री रुग्णांच्या तासाला खोलीतच असायची, वेळ संपली की उठून उभी राहायची, म्हणजे घड्याळ बघण्याचा उद्धटपणा करायला नको.

पण ह्या विषयाला नीट तोंड फोडलं ते बोरिस लेविन्सन ह्या अमेरिकन बालमानसतज्ज्ञाने. जिंगल्स नावाचा त्याचा कुत्रा. एक मुलगा, कुणाशी बोलायचा नाही, ठरलेल्या वेळेच्या आधीच आला आणि तेव्हा जिंगल्स खोलीत होता. पोरगं सरळ कुत्र्याशी खेळायला लागलं. लेविन्सनच्या लक्षात आलं की आपल्यापर्यंत यायचा रस्ता कुत्र्यावरून जातोय. १९६२ साली त्याने ह्यावर लेख लिहिला, कुत्र्याला चक्क सह-उपचारक म्हणून. व्यवसायबंधूंनी टर उडवली, कुणीतरी विचारलं म्हणे, फीमधले कुत्र्याला किती टक्के देता?

खवचट_म्हातारा
पण किती ठरले शेवटी? आमच्याकडे एक बोका पार्टटाइम काम बघतोय.

निवांत
सगळे छान छान लिहिताहेत म्हणून मुद्दाम दुसरी बाजू. माझे काका गेले. काकू एकटी, मूलबाळ नाही. तीन आठवड्यांत आम्ही भाचे-पुतणे मंडळींनी वर्गणी काढून तिला पिल्लू नेऊन दिलं, रिबीन बांधून, विचारलं कुणीच नाही तिला. दोन महिन्यांचं पिल्लू, रात्री दर दोन तासांनी रडणार, गालिच्यावर घाण, चपला कुरतडणार. आधीच झोप नसलेल्या बाईला आम्ही आणखी जागं ठेवलं. वर ती भिडेखातर म्हणायची, छान आहे हो, गोड आहे. एक दिवस फोनवर नुसती रडली, म्हणाली मला त्याचा राग येतो आणि राग येतो म्हणून माझी मलाच लाज वाटते. त्याच रात्री जाऊन घेऊन आलो. ते आता माझ्या पायाशी घोरतंय, ३४ किलो.

ओसरीताई, बंड्या तुमच्या आईला सात वर्षं ओळखत होता, भांडणातून का होईना. ते वेगळं. दुःखातल्या माणसाला नवा प्राणी *भेट* देणं वेगळं. कृपा करून करू नका कुणी.

पाऊलवाट
निवांत +१००. द्यायचाच तर त्या माणसाने स्वतः मागितल्यावर, आणि शक्यतो जरा मोठा, स्थिरावलेला कुत्रा.

शेवटचा_बाक
मी पुन्हा आलो. कोरा_कागद, इतिहास आवडला, पण जुनं आहे म्हणून खरं असं होत नाही.

ह्या विषयात कायम सांगतात तो १९८० चा अभ्यास घ्या. हृदयविकाराचे ९२ रुग्ण. पाळीव प्राणी असलेल्या ५३ पैकी वर्षभरात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. आकडे डोळ्यांत भरतात. पण ९२ म्हणजे मूठभर माणसं, शिवाय ज्याच्या घरी प्राणी आहे त्याची मुळात परिस्थिती, घरची माणसं, चालणंफिरणं सगळंच वेगळं असू शकतं. कुत्र्याने वाचवलं हे त्यातून सिद्ध होत नाही.

मात्र प्रामाणिकपणे माझ्याविरुद्ध जाणारंही सांगतो. २०१२ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमधल्या दोन संशोधकांनी १८ कुत्र्यांसमोर माणसांना रडायचं नाटक करायला लावलं, आणि तुलनेसाठी विचित्र आवाजात गुणगुणायला. गुणगुणल्यावर ६ जवळ आले, रडल्यावर १५. गंमत म्हणजे परका माणूस रडत असेल तर ते आपल्या मालकाकडे न पळता त्या परक्याकडे गेले. तर निव्वळ ऊब शोधत होता हे माझं म्हणणं थोडं मागे घेतो. थोडंच.

ओसरी
:) थोडंच तर थोडंच.

रात्रपाळी
नर्स आहे, आमच्याकडे कुत्रे येतात म्हणून लिहिते. सगळ्यांसाठी नाही हे. प्रतिकारशक्ती खालावलेले, उघडी जखम असलेले, आयसोलेशनमधले, ॲलर्जीवाले, ह्यांच्याकडे नाहीच न्यायचं. हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करायचे, खाटेवर घ्यायचा तर आधी वेगळी चादर घालायची, चाटू द्यायचं नाही. आणि सगळ्यांना कुत्रे आवडतात हा कुत्रेवाल्यांचा गोड गैरसमज आहे. भीतीने पांढरे पडलेले रुग्ण पाहिलेत मी आणि वर मालक म्हणतोय काही करत नाही हो तो. आधी विचारायचं, नको म्हटलं तर दारावरून पुढे.

बाकी खरी रांग कुणाची असते सांगू? आमची. रात्री एखादा पेशंट गेलेला असतो, नातेवाइकांना सांगून झालेलं असतं, सकाळी ड्युटी संपताना कॉरिडॉरमध्ये ते लॅब्राडोर दिसतं आणि आम्ही तिघी-चौघी युनिफॉर्ममध्ये खाली मांडी घालून बसतो. दोन मिनिटं. मग घरी.

जाता जाता, अमेरिकेत प्रॉव्हिडन्सच्या एका नर्सिंग होममध्ये ऑस्कर नावाचा बोका होता, मरणाच्या दारातल्या रुग्णाशेजारीच नेमका जाऊन बसायचा, २००७ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्याच्यावर लेख आला होता. तसला बोका आमच्याकडे नको.

गोगलगाय
ऑस्कर आला की पेशंट स्वतःच डिस्चार्ज घेईल.

अवांतर: ॲलर्जीवाल्यांसाठी जपानमध्ये पारो नावाचं रोबो सीलचं पिल्लू आहे, पांढरं, लोकरीचं, हात फिरवला की आवाज काढतं. डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी वापरतात. केस गळत नाहीत, कवचातही जात नाही.

मनीमाऊ७
पण साडेपाचला उठवत नाही ना. मग काय उपयोग.

खवचट_म्हातारा
थट्टा बरीच केली, आता एकदाच नीट लिहितो. बायको गेली तेव्हा लोक महिनाभर येत होते. फोन, भेटी, कुणी ना कुणी सोबतीला. तिच्यामागे तीन वर्षांनी आमची कुत्री गेली, तिनेच पाळलेली. तेव्हा एकाने विचारलं, दुसरी कधी आणताय? बस्स. एवढंच. मी काय सांगणार होतो की बायकोचा आवाज ओळखणारं ह्या घरात माझ्याशिवाय ते एकच कुणीतरी उरलं होतं. तिचं नाव घेतलं तर शेपटी हलवायची शेवटपर्यंत. मी कधी कधी मुद्दाम घ्यायचो.

तेव्हा ओसरीबाई, बंड्या ७ वर्षांचा आहे. हिशेब करून ठेवा. मी केला नव्हता.

कोरा_कागद
काका, ह्याला आमच्या शास्त्रात नाव आहे, 'डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ'. केनेथ डोका ह्या अभ्यासकाने १९८९ साली मांडलं, ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत ते दुःख. त्याला रजा नाही आणि सांत्वनालाही कुणी येत नाही. प्राणी जाणं हे त्यातलं ठळक उदाहरण. आणि तुमच्या बाबतीत तर एकातून दोन गेले.

खवचट_म्हातारा
नाव आहे म्हणजे बरं आहे. बोक्याला सांगतो.

शेवटचा_बाक
काका, दंडवत.

बंड्याच्या दाराशी बसण्याबद्दल: हाचिको ह्या जपानी कुत्र्याचं उदाहरण अजून कुणी दिलं नाही हे आश्चर्य. मालक १९२५ ला वारले, कुत्रा १९३५ पर्यंत टोकियोच्या शिबुया स्टेशनवर येत राहिला. प्राण्यांच्या शोकावर २०२२ चा एक इटालियन अभ्यास आहे, घरातला दुसरा कुत्रा मेल्यावर उरलेल्याच्या वागण्यात फरक पडला असं ४२६ पैकी ८६ टक्के मालकांनी सांगितलं. मालकांनीच सांगितलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचा. पण खाणं, खेळणं कमी होणं, जास्त झोपणं, हे दिसतं त्यांच्यात. फिरायच्या, खायच्या वेळा पक्क्या ठेवा.

निवांत
धागाकर्ती गायब. काय झालं बंड्याचं?

ओसरी
आले आले. तीन आठवड्यांनी येतेय, सॉरी. पाऊलवाट, तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, परीक्षा तरी देऊन बघू, नुसती परीक्षा द्यायला काय जातं. इतक्या महिन्यांत तिने स्वतःहून काही करू म्हटलं हेच पहिल्यांदा, म्हणून गेलो.

बंड्या सुरुवातीला फर्स्ट क्लास. अनोळखी माणसाने कान ओढले, ढिम्म. भांडं पडलं, नुसतं बघितलं. व्हीलचेअर गेली, खाली पडलेलं बिस्किट सोडलं (घरी कधीही सोडत नाही, नाटकी कुठला). मग एक गृहस्थ काठी टेकत आले. बाबा शेवटची दोन वर्षं काठी वापरायचे. ठक, पाऊल, ठक, पाऊल. मला तो आवाज आला आणि पोटात खड्डा पडला, आणि बघते तर बंड्या उठलेला. धावला नाही, भुंकला नाही. चालत गेला त्यांच्यापर्यंत, काठी खालपासून मुठीपर्यंत हुंगली, मग त्यांचे बूट, मग परत काठी. आणि तिथेच बसला, आमच्याकडे पाठ करून. आईने हाक मारली. आला नाही. परत मारली. ते गृहस्थ बिचारे हलेनात, त्यांनाही कळेना काय करावं. शेवटी आईने जाऊन पट्टा धरला तेव्हा उठला.

परीक्षा घेणाऱ्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या नापास म्हणत नाही, पण आत्ता नको, सहा महिन्यांनी आणा.

गाडीत आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नापास झालास ना रे गाढवा." आणि मग बाबांबद्दल बोलायला लागली, माझ्याशी, काठी पहिल्यांदा आणली तेव्हा ते कसे चिडले होते, दाराबाहेर कशी लपवून ठेवायचे. घर येईपर्यंत बोलत होती, मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने घेतली.

घरी आल्यावर तिने कोपऱ्यातली काठी उचलली. मला वाटलं आता कपाटात ठेवून देतेय. तिने ती बंड्याच्या अंथरुणाशेजारी आडवी ठेवली. सकाळी उठून बघतो तर पठ्ठ्याने काठीचं खालचं रबरी टोक चावून चावून तुकडे केलेले. आई म्हणाली, हे असले असते तर दोघांनाही घराबाहेर काढलं असतं.

मनीमाऊ७
बंड्याला माझ्याकडून एक जादा बिस्किट. टाकलेलं नाही, हातात.

पाऊलवाट
सहा महिन्यांनी नक्की आणा. आणि नाही आणलात तरी चालेल.

खवचट_म्हातारा
ते रबरी टोक सुटं मिळतं. माझ्या काठीची दोन जादाची पडून आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.